फुटलेला जांभळा

तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला तेव्हा तिच्या नखांच्या कडांना गुलाबी रंग दिसला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढंच झालं. दुसरा कोणी असता तर चहा पिऊन, पेपर चाळून कामाला लागला असता. बायको रेशीम रंगवते, मग तिच्या नखांना रंग लागणार नाही तर काय शेजारणीच्या लागणार? पण मी पडलो हात बघणारा माणूस. कापडचोपड, भांडी, अत्तरं असं सगळं एका छपराखाली विकणाऱ्या मोठ्या दुकानात मी गिऱ्हाइकासारखे कपडे घालून दिवसभर रेंगाळतो आणि लोकांचे हात बघतो. पगार त्याचाच. चेहऱ्यावर कोणीही काहीही आणू शकतं, मीसुद्धा आणतो, पण हातांना नाटक जमत नाही. उचलायच्या वस्तूकडे माणूस बघत नाही, छताकडे बघतो, आणि त्याची बोटं मात्र आधीच मिटायला लागलेली असतात. ही विद्या चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत जा, असं बायको सांगते. मला ते आजवर जमलेलं नाही. तर गुलाबी. आणि तोही नखांत, म्हणजे हातमोजे न घालता. रबरी हातमोज्यांशिवाय ही बाई पातेल्याजवळ फिरकत नाही, मला फिरकू देत नाही. उघड्या हातांनी काम करणारा एक तर घाईत असतो, नाही तर चोरून करत असतो. घाई तिच्या स्वभावात नाही. मी चहा प्यायलो. नेहमीसारखाच होता, आणि तेही मला बरं वाटलं नाही.

ती चर्चसाठी रेशीम रंगवते. वेदीवर अंथरायची कापडं, पाळकांच्या गळ्यातले लांब पट्टे, उपासनेत गाणी चालू असताना मुली हातात धरून फिरवतात त्या पताका. पांढरं रेशीम ठाणातून कापायचं, कडा बोटांनी वळून शिवायच्या, धुवायचं, मग मोठ्या स्टीलच्या पातेल्यात रंगाच्या पाण्यात सोडून मंद आचेवर लाकडी काठीने ढवळत राहायचं. थोडं व्हिनेगर घालायचं, त्याने रंग धरतो. आमचं घर कायम लोणच्याच्या बरणीसारखं आंबूस वासाचं असतं आणि दुकानात माझ्या शर्टालाही तो वास येतो, त्यावरून एकदा एका सराईत चोराने मला ओळखलं होतं. रंग मात्र तिच्या मर्जीचे नसतात. पांढरा सणाचा. तांबडा रक्ताचा आणि आगीचा. हिरवा त्या लांबच लांब महिन्यांचा, ज्यांत काही विशेष घडत नाही, नुसतं वाढायचं असतं. निळा आभाळाचा, वरून बोलावणं येतं त्याचा. जांभळा वाट बघण्याचा. आणि त्या जांभळ्या आठवड्यांच्या मधोमध एकच रविवार गुलाबी येतो, आनंद वाटेत आहे एवढं कळवायला. हे सगळं मला श्रद्धेमुळे माहीत आहे असं नाही. मी चर्चला जातो, मागच्या बाकावर दाराजवळ बसतो आणि सवयीने जोडलेले हात बघतो. पण इतकी वर्षं या रंगांच्या मध्ये बसून जेवलोय, पाठ होणारच.

पताका आणि पट्टे हे झालं सगळ्या चर्चसाठीचं काम. त्याखेरीज ती धीराचे शेले करते. ते एकेकट्या माणसासाठी असतात. कोणी आजारी, कोणाचं माणूस गेलेलं, कोणाचा जीव कशात तरी टांगणीला लागलेला. कोणीतरी तिच्या कानावर घालतं आणि ती एक लांबट पातळ शेला रंगवून त्या माणसाच्या खांद्यावर टाकून येते. कोणाला कुठला रंग, ते तीच ठरवते. आणि शेला रंगवताना पहिल्यापासून शेवटपर्यंत ती त्या एकाच माणसासाठी प्रार्थना करते. घड्याळ बघत नाही. सुरुवातीला पातेल्यातलं पाणी शाईसारखं गडद असतं, मग हळूहळू रंग रेशमात जातो आणि पाणी निवळत जातं. स्वच्छ झालं की रंग सगळा माणसाच्या वाट्याला गेला, आता थांबायचं. तोवर नाही. या वेळात तिला हाक मारलेली चालत नाही. मी दारातून बघितलंय, ओठ हलत असतात, काठी फिरत असते, कपाळावर वाफेचं पाणी. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मला याचा राग यायचा. कुठल्या कोण परक्या माणसाला ही बाई आपल्या आयुष्यातली अख्खी दुपार देते आणि मी हाक मारली तर हात वर करून गप्प बसवते. पुढे राग गेला. म्हणजे मला वाटलं गेला.

कामाला निघण्याआधी मी मागच्या धुण्याच्या खोलीत डोकावलो. दोरीवर दोन हिरव्या पताका होत्या, हिरव्या म्हणजे हिरव्याच. गुलाबी काही नाही. फळीवर नाही, टोपलीत नाही, इस्त्रीच्या टेबलावर नाही. खाली वाकलो तर मोरीच्या जाळीभोवती निळ्या रंगाचा ओघळ वाळलेला. निळ्या! म्हणजे गुलाबी नखांत आणि निळा मोरीत. मला एकदम बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, शिकाऱ्याला माग लागल्यावर वाटतं तसं. दोन रंग म्हणजे दोन शेले. दोन शेले म्हणजे दोन माणसं, आणि दोघांचेही शेले घरात नाहीत, आणि मला त्यातलं एक अक्षर ठाऊक नाही. एरवी ती सांगते. जेवताना सांगते, अमक्याच्या आईसाठी केला, तमकीच्या मुलासाठी केला, मी हं हं करतो. या वेळी तोंडाला कुलूप. त्यातून निळा समजू शकतो, माणसं मरत असतात. पण गुलाबी? गुलाबी ती सहसा देत नाही. एकदा एका मुलीला दिला होता, जिला डॉक्टरांनी मूल होणार नाही म्हणून सांगितलं होतं आणि झालं. एकदा लग्न ठरलेल्या प्रौढ जोडप्याला. गुलाबी म्हणजे कोणाच्या तरी घरी दबक्या पावलांनी आनंद आलाय. कोणाच्या? आणि तो माझ्यापासून लपवण्याजोगा आनंद कसला?

दुकानात त्या दिवशी मी कोणालाही पकडलं नाही. अत्तरांच्या टेबलाजवळ एक बाई माझ्या डोळ्यांदेखत बाटली पर्समध्ये टाकून गेली असेल, मला कळलं नाही, मी दुसऱ्याच हातांचा विचार करत होतो. ऑर्गनवाल्याच्या. आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा हा उंच, किंचित वाकलेला गृहस्थ. त्याची बायको बरेच महिने आजारी राहून गेली. त्या सगळ्या काळात माझी बायको त्याला पाठोपाठ शेले देत होती, आधी जांभळा, मग हिरवा, शेवटी निळा. निळा त्याने ऑर्गनच्या बाकावर घडी करून ठेवलाय, त्याच्यावरच बसून वाजवतो. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा मला विचित्र वाटलं. माझ्या घरात, माझ्या बायकोने ओठ हलवत रंगवलेल्या कापडावर हा माणूस दर रविवारी बसतो. तेव्हा बायकोला म्हणालो तर ती म्हणाली, "अहो, पाठ दुखते त्याची, बाक कडक आहे." आता ऑर्गनवाला हल्ली केस नीट कापतो. शर्टाला इस्त्री असते. मागच्या रविवारी उपासना संपल्यावर तो आणि ती खांबाआड उभे राहून बोलत होते, मी जवळ गेलो तसे दोघं गप्प झाले, आणि तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि काढून घेतला. ठेवण्याचं मला काही वाटलं नाही. ती सगळ्यांच्या मनगटावर हात ठेवते. काढून घेतला कशाला? कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यानंतर घरात मी डोळ्यांत तेल घालून होतो. ती भाजी चिरायची, मी बघायचो. ती फोनवर बोलायची, मी पेपराआडून बघायचो. माणसाने आपल्या बायकोला किती बघावं याला काही मर्यादा असते, आणि ती ओलांडली की नेहमीचंच सगळं परकं दिसायला लागतं. डब्याचं झाकण लावायची तिची पद्धत, आधी एक बाजू आणि मग तळहाताने थाप. हे ती आधीपासून असंच करत होती की आता? उजव्या हाताने सगळं करते, डाव्या हाताने वरच्या फळीवरचं काढत नाही, स्टूल घेते. स्टूल आधी घ्यायची? मला आठवेना. लग्नाआधी आम्ही एका बागेत भेटायचो, तिथल्या बाकावर ती हात मांडीत घेऊन बसायची आणि मी तेव्हाही तिचे हातच बघायचो, पण तेव्हा त्या बघण्याला दुसरं नाव होतं. रंगकाम तिने नुकतं सुरू केलं होतं. जांभळा जमत नाही म्हणून ती मला तासभर सांगत बसली होती आणि मी तिच्या करंगळीवरच्या डागाकडे बघत हो हो म्हणत होतो. काय सांगत होती ते काही लक्षात राहिलं नाही. परवा स्वयंपाकघरात एकदा तिने मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. ती काहीतरी बोलेल असं वाटलं. मलाही वाटलं आपण काहीतरी बोलावं. "मीठ कमी आहे का?" तिने विचारलं. मी म्हणालो, ठीक आहे. तिचा चेहरा कसा झाला ते सांगता येणार नाही, मी हातांकडे बघत होतो, आणि हात टेबलाची कड घट्ट धरून होते.

शेवटी मी जेवणाच्या सुट्टीत चर्चमध्ये गेलो. दुपारी तिथे कोणी नसतं. ऑर्गनवाला एकटाच बसून येत्या रविवारची गाणी बसवत होता, एकच ओळ पुन्हा पुन्हा. मी मागच्या बाकावर बसलो. गुलाबी शेला कुठे दिसतो का ते बघितलं, त्याच्या गळ्यात, पिशवीत, ऑर्गनवर. नव्हता. निळा होता, बसून बसून चुरगळलेला. त्याने मला बघितलं आणि वाजवायचा थांबला. चोर थांबतो तसा नव्हे, हे मला कबूल करायला हवं. ओशाळल्यासारखा थांबला.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "मी वहिनींना म्हटलंच होतं, सांगा त्यांना."

"काय सांगा?"

"गुरुवारी मी गाडी घेऊन येतोच आहे. पण तुम्ही आलात तर जास्त बरं. मागच्या वेळी त्या एकट्याच आत गेल्या, मी बाहेर बसलो होतो. आत मला कसं जाता येणार?"

मागच्या वेळी. गाडी. आत. मी दुकानात कोणाला हटकतो तेव्हा आवाज अजिबात चढवत नाही, तो आमचा नियमच आहे. मी शांतपणे विचारलं, "कुठे आत?"

ऑर्गनवाल्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे हात पट्ट्यांवर होते ते त्याने अलगद उचलले, आवाज होऊ नये म्हणून, आणि मांडीवर ठेवले. "घरी जा," तो म्हणाला. "दादा, घरी जा आणि वहिनींनाच विचारा. माझ्या तोंडून नको." मला त्याचा संताप आला. हा कोण मला माझ्या घरी पाठवणारा? बाहेर पडलो तेव्हा पाठीमागे ऑर्गन पुन्हा वाजायला लागला नाही, त्याची वाट बघत मी फाटकापाशी उगाच थांबलो आणि मग चालायला लागलो. दुकानात परत गेलोच नाही. वाटेत मी तिला काय काय बोलायचं ते सगळं जुळवलं, चांगली धारदार वाक्यं होती.

ती धुण्याच्या खोलीत हिरव्या पताका दोरीवरून काढत होती. उजव्या हाताने.

"गुलाबी शेला कोणाचा?" मी दारातूनच विचारलं.

"कुठला गुलाबी?"

"तुझ्या नखांतला."

तिने आपले हात पुढे धरून बघितले, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. रंग अजूनही कडांना होता. मग ती स्टुलावर बसली. "म्हणून तुम्ही असे बघत होतात होय इतके दिवस," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला कळलं. मला वाटलं, कळलंय आणि मी बोलायची वाट बघताय."

"ऑर्गनवाल्याला कळलंय ते सगळं."

"त्याला कळणारच. त्याला त्या दवाखान्याची सगळी दारं पाठ आहेत." ती थोडं हसली. "त्याच्यावर संशय घेतलात? अहो, त्या माणसाला साधा चहा विचारला तर तो आधी आपला कप धुऊन ठेवतो."

मी हसलो नाही. मग तिने सांगितलं. छातीत, डाव्या बाजूला गाठ आहे. सुई घालून तुकडा काढून तपासायला दिलाय. गुरुवारी रिपोर्ट. सगळं मिळून तीन-चार वाक्यांत, पताकेची घडी घालत. माझी धारदार वाक्यं जिथल्या तिथे गळून पडली. मला आधी भीती नाही वाटली, आधी अपमान वाटला, हेही सांगायला हवं. मला सोडून त्याला सांगितलं! मी तसं म्हणालो.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" तिने विचारलं. रागाने नव्हे, खरंच विचारलं. "डॉक्टरवर संशय घेतला असता. मशीनवर घेतला असता. मी काहीतरी लपवतेय म्हणून माझ्यावर घेतला असता. मला थोडे दिवस नुसती वाट बघायची होती. शांतपणे. दुसरं काही नको होतं."

मी तिथेच उभा राहून मूर्खासारखं पुन्हा विचारलं, "मग गुलाबी शेला कोणाचा?"

ती उठली आणि कोपऱ्यातली चिंध्यांची पिशवी घेतली. पातेली पुसायच्या, रंग तपासून बघायच्या तुकड्यांची ती पिशवी मी उघडलीच नव्हती, चोर चांगला माल चिंध्यांत ठेवत नाही. तळातून तिने चोळामोळा झालेला शेला काढला आणि खिडकीशी उभा धरला. गुलाबी होता, पण तिने कधीच बाहेर जाऊ दिला नसता असा. कुठे फिका, कुठे भडक, आणि घड्यांच्या आत जांभळट सावल्या. "हा गुलाबी नाही," ती म्हणाली. "हा जांभळा आहे. फुटलेला. मी तुम्हाला सांगितलं होतं, बागेत. जांभळ्यात दोन रंग असतात, तांबडा घाईने आत शिरतो आणि निळा मागे राहतो. निळ्याला वेळ द्यावा लागतो. आधीच बाहेर काढलं की हे असं होतं. निळा सगळा पाण्यातच राहिला, मोरीत ओतून दिला."

मोरीच्या जाळीभोवती निळा ओघळ अजून तसाच होता. दोन शेले नव्हते. एकच होता, आणि दोन माणसंही नव्हती. "तू आणि आधी बाहेर काढलास?" मी म्हणालो. "तू तर पाणी निवळेपर्यंत हलत नाहीस."

ती शेल्याकडे बघत राहिली. "दुसऱ्यासाठी मागताना दुपार पुरत नाही हो. म्हटलं, एकदा आपल्यासाठी करावा. हातमोजे घालायचंही सुचलं नाही. पाणी तापलं, शेला सोडला, काठी घेतली आणि म्हटलं, देवा, मला बरं कर. आणि झालं. पुढे काय बोलायचं? तेच पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायची लाज वाटली. नुसतीच ढवळत उभी होते, आणि ते मला सहन होईना, म्हणून काढला."

तिने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मला तिच्याकडे बघवेना. इतक्या वर्षांत कोणी तिच्या खांद्यावर शेला टाकला नव्हता. टाकणार कोण? रंगवणारी एकच, आणि घरात जो दुसरा माणूस होता तो दारात उभा राहून हात बघत होता. मी कोट काढला. बाह्या सरसावल्या. पातेलं उचलून शेगडीवर ठेवलं, नळाखाली भांडं भरून पाणी ओतलं. "काय करताय?" तिने विचारलं. मी म्हणालो, मला निळ्याची बरणी दाखव. ती नको म्हणाली, मग हातमोजे घाला म्हणाली, मग स्वतःच उठून निळी पूड मोजून पाण्यात टाकायला लागली तेव्हा मी तिला स्टुलावर बसवलं, जरा जोरातच. तांबडा आत गेलेलाच होता. निळाच काय तो राहिला होता. पाणी तापलं तसं तिने व्हिनेगर किती ते सांगितलं, शेला ओला करून सोडायला सांगितला, आणि मी काठी हातात घेतली.

मला प्रार्थना येत नाही. मागच्या बाकावर बसून येणार कशी? मी काठी फिरवत होतो आणि मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की देवा, माझा तुझ्यावर संशय आहे. ऑर्गनवाल्याच्या बायकोसाठी हिने असंच ढवळलं होतं, जांभळा, हिरवा आणि निळा, दुपारच्या दुपारी, आणि तू काय केलंस? तुझे हात मला कधी दिसले नाहीत, म्हणून तू काय उचलतोस ते मला पकडता येत नाही. पण ही माझी बायको आहे. हिला न्यायचा विचार असेल तर मी इथे उभा आहे आणि बघतोय. एवढं म्हणून झालं तेव्हा पाणी होतं तसंच गडद होतं. मग मी तिच्याबद्दल सांगायला लागलो, त्याला माहीत नसेल असं नाही, पण कोणीतरी सांगायला हवं. डब्याच्या झाकणाची थाप. बागेतली करंगळी. मला गप्प बसवायला वर केलेला हात. मीठ कमी आहे का, हे विचारताना टेबलाची कड धरलेली बोटं, आणि मी ठीक आहे म्हणालो ते. सांगण्यासारखं बरंच निघत गेलं. एकाला लागून दुसरं येत होतं, वाफेने डोळे चुरचुरत होते, खांदा भरून आला. गुलाबी कुठेकुठे मावळायला लागला होता, कडेला मात्र एक डाग तसाच होता, तो जाईल असं दिसत नव्हतं. ती मागे काहीच बोलत नव्हती. मला वाटलं झोपली. वळून बघितलं तर हात मांडीत घेऊन बसली होती आणि माझ्या हातांकडे बघत होती.

"पुरे आता," ती म्हणाली. "सवय नाही तुम्हाला, उद्या हात उचलणार नाही. चालेल तसाच."

मी पातेल्यात वाकून बघितलं.

"पाणी अजून निळं आहे," मी म्हणालो, आणि ढवळत राहिलो.